धबधब्याचं लोकेशन मागू नका



मागच्या महिन्यात या पानावर मी एका धबधब्याचा व्हिडिओ टाकला होता, चाळीस सेकंदांचा. बऱ्याच जणांना आठवत असेल, कारण आपल्या पानावर एवढी माणसं आधी कधी आलीच नव्हती. बोंडअळीवर दोन रात्री जागून लिहिलं तर शे-दीडशे जण वाचतात आणि त्यातले निम्मे "भाव कधी वाढणार" एवढंच विचारतात. धबधब्याला मात्र झुंबड उडाली. मीही हुरळलो. खोटं कशाला बोलू, दिवसातून दहा वेळा मोबाईल काढून आकडा बघत होतो. ज्यानं लोकेशन मागितलं त्याला दिलं. कुठल्या फाट्यावरून वळायचं, गाडी कुठं लावायची, सगळं सांगितलं.

ती पोस्ट मी आता काढून टाकली आहे. का काढली, असं मेसेज करून पन्नास जणांनी विचारलं. आज त्याचंच उत्तर देतो, आणि त्या निमित्तानं माझं एक मत मांडतो. पटलं तर बघा.

पोस्ट टाकल्यावर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी फोन आला. "तुम्हीच का ते तलवाड्याचे व्हिडिओवाले?" मी म्हणलं, हो. पलीकडचा माणूस शिवी देईल असं वाटलं, पण दिली नाही. त्याचंच जास्त लागलं. तो म्हणला, "पाहुणे, एकदा येऊन बघून जा. मपला बांध बघा अन् मग सांगा." एवढं बोलून फोन ठेवला.

त्या माणसाचं नाव-गाव इथं देणार नाही. बालाघाटाच्या कड्यावर त्यांची अडीच एकर जमीन आहे. बालाघाटावरची जमीन म्हणजे काय, ते आपल्या गोदाकाठच्या माणसाला पटकन कळायचं नाही. आपल्याकडं काळी भुई, खाली हातभर खणलं तरी कसच कस. तिथं वीतभर माती आणि खाली मुरूम. उतार एवढा, की बांध नसला तर एका पावसात माती खालच्या गावाला जाते. बांध हीच त्यांची जमीन. त्या बांधावर आजोबापासून तीन पिढ्यांनी दगड रचलेत.

झालं असं, की ओढ्यापर्यंत जायला वाट त्या बांधावरून. आधी वाट कसली, शेळ्या जायच्या. मी लोकेशन दिल्यावर दोन रविवारी माणसं गेली. मोटारसायकली बाजरीच्या कडेला लावल्या, काहींनी बाजरीतच. बांधावरून चढ-उतर केल्यानं एका जागी दगड सरकले आणि मधोमध खाच पडली. त्यानंतरच्या बुधवारी रात्री जोराचा पाऊस झाला. पाण्याला एवढीशी खाच पुरते हे तुम्हाला मी काय सांगावं. सकाळी बघतात तर बांध दोन हात फुटलेला आणि उडदाच्या तासातून घळ पडलेली. उडीद काढायला आठ दिवस राहिले होते.

ही चूक माझी. पोरांनी फक्त दगडावर पाय ठेवला. वाट दाखवली मी.

आता जरा दुसरीकडून सांगतो. या सगळ्याच्या आधी, पोळ्याच्या आसपास, आमच्या घरच्या ग्रुपवर भाच्यानं फोटो टाकले होते. भाचा मलेशियात एका कंपनीत आहे. सुट्टीत तो गोपेंग नावाच्या लहानशा गावाला जाऊन आला. पेराक राज्यातलं हे गाव एकेकाळी कथिलाच्या खाणींवर चालायचं. १९८५ ला जगात कथिलाचा बाजार कोसळला आणि त्या सगळ्या पट्ट्याचा धंदा बसला. आता तिथं डोंगर, नदी, धबधबे आणि तेम्पुरुंग नावाची चुनखडकाची मोठी गुहा बघायला लोक येतात. गुहेला तिकीट आहे, सोबत वाटाड्या असतो, डोक्याला टॉर्च बांधून आत जायचं. गावातली जुनी दुकानं, जुनी घरं तशीच ठेवलीत, गावाचं छोटंसं म्युझियमही आहे. भाच्यानं खाली लिहिलं होतं, "मामा, गाव आपल्या तलवाड्याएवढंच वाटलं. पण यांनी काय ठेवलंय बघा. आपल्या बीडमध्ये काय आहे दाखवायला?"

(मलेशिया म्हणलं की मला आधी पामतेल आठवतं. तिकडचं पामतेल स्वस्त झालं की इकडं आपल्या सोयाबीनच्या पोटात दुखतं. असो, भाच्याचा त्यात दोष नाही.)

मला राग आला, पण उत्तर देता येईना. मी त्याला काय सांगणार होतो? मी स्वतः काय बघितलंय? पन्नाशीला आलो. पंढरपूर झालं, शिर्डी झाली, तिरुपती एकदा झालं. बीडला कोर्ट, तहसील आणि खताचं दुकान. अंबाजोगाईला आपण जातो ते दोनच कामाला, एक देवी नाहीतर दवाखाना. स्वामी रामानंद तीर्थ मेडिकलच्या आवारात मी बापासाठी सतरा दिवस काढलेत. त्या सतरा दिवसांत तिथून थोड्याच अंतरावर हजार वर्षांच्या आसपास जुनी लेणी आहेत हे मला माहीतच नव्हतं. कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग ठरवलं, जायचं. औत-काठी झाली होती, कपाशीवर शेवटची फवारणी झाली होती, उडीद-मूग आमच्याकडं यंदा नव्हता. पोळा झाल्यावर आठ-दहा दिवस शेतकऱ्याला जरा श्वास असतो. गावातल्या एकाची जीप सांगितली. घरची, दोन पोरं, मी आणि माय. मायला विचारलं तर म्हणली, "मव्हं काय काम तिथं? मी राहते घरी, म्हशीचं कोण बघल?" म्हशीचं बघायला शेजारच्या काकूला सांगितलं, तेव्हा कुठं गाडीत बसली.

मायचं सांगायला पाहिजे. माझ्या आईनं आयुष्यात प्रवास पुष्कळ केलाय. सांगली बघितली, कोल्हापूर बघितलं, कर्नाटकातलं निपाणी बघितलं. सगळं कोयता घेऊन. बारा-तेरा गाळपं तिनं आणि बापानं मिळून केली. दसरा-दिवाळी झाली की ट्रकात बसायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. त्या मुलखातलं तिला काय आठवतं म्हणाल, तर पाचट आणि थंडी. आपल्या बीड जिल्ह्यातली किती माणसं अशी आहेत! दरसाल शेकडो किलोमीटर फिरतात, पण फिरायला म्हणून घरापासून पन्नास किलोमीटर गेलेली नाहीत.

ज्यांनी कमेंटमध्ये "शेतकऱ्याला कसली आलीय पिकनिक" असं लिहिलं, त्यांना माझं उत्तर मायकडं बघून द्यावं वाटतं. शेतकऱ्यानं फक्त कामालाच घराबाहेर पडायचं, असं कुठं लिहून ठेवलंय?

सकाळी त्वरिता देवीच्या डोंगराला गाडीतूनच हात जोडले आणि निघालो. बीड ओलांडलं की सोलापूरच्या दिशेला खजाना बावडी लागते. हायवेपासून जवळ आहे, तरी आजवर मी दोनशे वेळा पुढून गेलो असेन. ही विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली, मोठी गोल बांधीव विहीर. पण खरी गंमत बांधकामात नाही, पाण्यात आहे. जमिनीखालून बांधलेल्या नाल्यांतून पाणी विहिरीत येतं आणि तसंच नाल्यातून खाली शेतांकडं जातं. मोट नाही, मोटर नाही, नुसत्या उतारावर. बीडजवळच्या बलगुजार भागातली शेती त्यावर भिजायची. पोरगं मला म्हणलं, "पप्पा, लाइटबिलच नाही?" मी काठावर उभा राहून विचार करत होतो, की चारशे वर्षांपूर्वी जमिनीचा उतार इतका बिनचूक कसा मोजला असेल. आपल्याकडं शेततळ्याचा सांडवा काढताना जेसीबीवाला नुसत्या डोळ्यानं अंदाज घेतो आणि पहिल्याच पावसात पाणी उलटं येतं.

तिथून घाट चढून मांजरसुंबा आणि तिथून कपिलधार. कपिलधार आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना नावानं माहीत आहे. मन्मथस्वामींची संजीवन समाधी आहे, कार्तिक पौर्णिमेला यात्रा भरते, कर्नाटक-तेलंगणातून सुद्धा दिंड्या येतात. मन्मथस्वामींचा 'परमरहस्य' हा ग्रंथ लिंगायत समाजात घरोघर वाचला जातो. दरीत उतरत गेलं की आधी आवाज येतो, मग तुषार, मग धार दिसते. वरून पडणारं पाणी बघून माय पाच मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणली, "एवढं पाणी आपल्याच जिल्ह्यात पडतं व्हय रं? मग आपल्याला का म्हणत्यात दुष्काळी?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला तिथं दिलं नाही, इथं देतो. बीड जिल्ह्याचं सरासरी पाऊसमान साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे अगदीच नाही असं नाही. पण तो चार महिने सावकाश पडत नाही. आठ-दहा दिवस धो-धो येतो आणि मध्ये तीन आठवडे तोंड फिरवतो. बालाघाटाचा कडा उभा, माती पातळ, खाली बसाल्ट खडक. पडलेलं पाणी थांबत नाही, धावतं. त्याच धावणाऱ्या पाण्याला कड्यावर आपण धबधबा म्हणतो आणि खाली शेतात आल्यावर पूर म्हणतो. उत्तर उताराचं पाणी सिंदफणेच्या खोऱ्यात जातं, दक्षिणेचं मांजरेत, शेवटी दोन्ही गोदावरीला. धबधबा बघताना शेतकऱ्याच्या मनात हे येतंच. बाकीच्यांच्याही यावं, अशी माझी इच्छा आहे. ते पाणी वरून कुणाच्या तरी शेतातून आलेलं असतं आणि खाली कुणाच्या तरी शेतात जाणार असतं. त्यात टाकलेली बाटली, फुटकी काच, खरकटं सुद्धा त्याच शेतात जातं. काचेनं बैलाचा खूर कापलेला तुम्ही बघितला नसेल, मी बघितलाय.

आणि जिवाचंही तेच. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, एकमेकांना धरून मधोमध उभी होती. लोक म्हणले, अचानक पाणी आलं. पाणी अचानक येत नाही हो. वर पाऊस झालेला असतो. नदीकाठच्या माणसाला हे लहानपणापासून माहीत असतं, शहरातून आलेल्या माणसाला कोण सांगणार? पाणी गढूळ व्हायला लागलं, काडीकचरा वाहून यायला लागला, आवाज बदलला की बाहेर पडायचं, चपला शोधत बसायचं नाही. वरच्या डोंगरावर ढग काळा झाला तर ऊन असताना सुद्धा पात्रातून बाहेर यायचं. आपल्याकडच्या अशा जागी "पोहण्यास सक्त मनाई" असा बोर्ड असतो, पण हे कुणी लिहीत नाही. बोर्डापेक्षा तिथं गावातला एक शहाणा म्हातारा खुर्ची टाकून बसवला तर जास्त जीव वाचतील, असं माझं मत आहे.

कपिलधारहून नेकनूर, केज करत दुपारी अंबाजोगाई. जुनी माणसं अजून मोमिनाबाद म्हणतात, निजामाच्या काळातलं नाव. योगेश्वरीचं दर्शन घेतलं आणि विचारत विचारत हत्तीखान्याला गेलो. शिवलेणी म्हणतात, जोगाईचा मंडप म्हणतात, पण गावात हत्तीखानाच. जयंती नदीच्या काठाला जमिनीलगतचा खडक खोदून खाली अंगण केलंय, अंगणात दगडाचे हत्ती उभे, नंदीचा मंडप आणि आत खांबांच्या ओळी. रस्त्यावरून काहीच दिसत नाही. दहा पावलं खाली उतरलो आणि उकाडा संपला. माय एका खांबाला टेकून बसली. गोष्ट तिला माहीत होती, मला नव्हती. जोगाईचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड आहे तिथं दगड झालं. ते हत्ती म्हणजे त्या वऱ्हाडातले. "इथं कधी आलतीस?" मी विचारलं. म्हणली, "आले नाही. मपल्या आजीनं सांगितलं व्हतं." म्हणजे गोष्ट साठ वर्षं तिच्याजवळ होती आणि जागा सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. दोघींची गाठ त्या दिवशी पडली.

तिथून मुकुंदराजांच्या समाधीला. दरीत आहे, पावसाळ्यात बाजूच्या कड्यावरून पाणी कोसळतं. परंपरेनं मानतात, की मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली लिहिला. 'ज्ञानेश्वरी' १२९० ची. त्यावर विद्वानांचे वाद आहेत, ते त्यांनी घालावेत. पण मराठीत लिहिणाऱ्या माणसानं, मग तो मोबाईलवर कपाशीच्या नोंदी लिहिणारा का असेना, एकदा त्या दरीत उतरावं असं मला वाटलं. याच गावात दासोपंतांनी चाळीस फूट लांब कापडावर ओव्या लिहिल्या, त्यांची पासोडी म्हणतात ती. शाळेत कधीतरी वाचलं होतं. कापूस पिकवणाऱ्या मुलखात माणसानं कापडावरच लिहावं, हे मला फार आवडलं.

त्या दरीतला व्हिडिओ मी काढला नाही. तोवर तो बांधवाला फोन येऊन गेला होता, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

परत येताना त्याच्या वस्तीवर गेलो. गाडीत पोरं कुरकुर करत होती, दमली होती. अंधार पडायला आला होता. माणूस दारात उभा होता. मी फुटलेला बांध बघितला. खाली घळीत उडदाची झाडं आडवी पडलेली, मुळं वर. माझ्या धाकट्यानं विचारलं, "हे आपल्यामुळं?" मी हो म्हणलं. दुसरं काय म्हणणार.

दुसऱ्या दिवशी मी आणि थोरला टिकाव-फावडं घेऊन परत गेलो. दोन दिवस लागले. दगड रचायची त्यांची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे. मोठा दगड खाली आडवा, बारीक दगड पाठीमागं भरायचा म्हणजे पाणी झिरपतं आणि दाब राहत नाही. आपण मातीचा बांध घालतो आणि पाणी तुंबलं की फुटतो. हे शिकायला मिळालं, त्यावर वेगळी पोस्ट फोटोसकट टाकीन.

त्या दोन दिवसांत जे बोलणं झालं, त्यातून माझं मत थोडं बदललं. मी जाताना ठरवून गेलो होतो, की आता कुणालाच कुठलंच ठिकाण सांगायचं नाही. तर त्यांची घरधनीण म्हणली, "माणसं यावीत की. आम्हाला काय माणसं खुपत्यात? पण येत्यात, पाणी मागत्यात, बांध तुडवत्यात, अन् जाताना शेंग सुद्धा इकत घेत न्हाईत. येताना बीडातूनच कुरकुरं घेऊन येत्यात."

मंडळी, मुद्दा हा आहे. गोपेंगला आणि आपल्याला देवानं दिलेलं पाणी सारखंच. फरक एवढा, की तिथं गुहेच्या तोंडाशी कुणीतरी तिकीट फाडतं आणि गावातलं पोरगं बॅटरी घेऊन पुढं चालतं. आपल्याकडं पाहुण्याकडून पैसे घ्यायची आपल्याला लाज वाटते आणि पाहुण्याला द्यायची सवय नाही. शहरातला माणूस मॉलमध्ये गाडी लावायला चाळीस रुपये देतो, मग शेतात लावायला वीस का देऊ नये? राज्य सरकारनं २०२० ला कृषी पर्यटनाचं धोरण काढलं, एक एकर असलेला शेतकरी सुद्धा त्यात बसतो. पण बालाघाटावरच्या अडीच एकरवाल्याला खोल्या बांधायला भांडवल कुठून येणार? त्याला खोल्या नकोत. त्याला पाहिजे बांधाच्या कडेनं चार फुटांची ठरलेली वाट, गाड्या लावायला पडीकाचा तुकडा, आणि भाजलेली कणसं, भुईमुगाच्या शेंगा, दसऱ्यानंतर सीताफळं विकायची जागा. बीडच्या सीताफळाला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि तेच सीताफळ डोंगरातली बाई टोपल्यात घेऊन हायवेला उन्हात उभी राहते. गिऱ्हाईक तिच्या दारातून धबधब्याला जातंय आणि ती गिऱ्हाईक शोधत फाट्यावर जातीय, हा काय न्याय झाला?

अहिल्यानगरहून बीडला रेल्वे सुरू झालीय. पुण्या-मुंबईचा माणूस उद्या कपिलधार, सौताडा, नायगावचे मोर, अंबाजोगाईची लेणी बघायला येईल. यावाच. येण्याआधी वरच्या-खालच्या शेतकऱ्याला ग्रामपंचायतीनं एकदा बसवून विचारावं, वाट कुठून द्यायची आणि पैसे कुणाला. पैसे सगळे देवस्थानाच्या किंवा पंचायतीच्या पेटीत जाऊन चालणार नाही, ज्याच्या बांधावरून वाट जाते त्याला त्यातलं काही मिळालं पाहिजे. नाहीतर तो एक दिवस काटे टाकून वाट बंद करील, आणि त्याचं बरोबर असेल.

आणि आपल्या पानाचं म्हणाल तर यापुढं मी ठिकाण टाकीन ते दोनच प्रकारचं. एक, जिथं यात्रेची, रस्त्याची सोय आधीपासून आहे, कपिलधारसारखं. दुसरं, जिथल्या जमीनवाल्यानं स्वतः सांगितलंय, की टाका. बाकी फोटो टाकीन, लोकेशन मागू नका. शिव्या देणाऱ्यांनी द्याव्यात. एका जणानं लिहिलं, "निसर्ग काय तुमच्या बापाचा आहे का?" निसर्ग नाही हो, पण बांध असतो कुणाच्यातरी बापाचा. त्यावर त्याच्या बापाच्या बापानं दगड वाहिलेले असतात.

कालच त्या वस्तीवरून फोन आला. उडदाचं जे राहिलं होतं ते काढलं, एकराला दोन क्विंटल सुद्धा बसला नाही. बांध मात्र टिकलाय, परवाच्या पावसात पाणी दगडातून निवांत झिरपलं म्हणले. वाटेला त्यांनी बाभळीच्या फांद्या लावल्यात आणि पडीकात गाड्यांना जागा केलीय, मोटारसायकलला वीस रुपये. पहिल्या रविवारी सहा गाड्या आल्या. एकानं पैसे द्यायला वाद घातला, बाकीच्यांनी दिले, आणि घरधनीणीची कणसं दुपारच्या आतच संपली. म्हणले, पुढच्या वर्षी सांगतो, मग टाका नाव.

मायनं मध्ये फोन मागून घेतला आणि त्या बाईशी पंधरा मिनिटं बोलली. काय बोलली ते कळलं नाही, फक्त शेवटचं ऐकू आलं, कापूस येचणीला आमच्याकडं ये म्हणून बोलावत होती.